पोरं फडावर, पोस्टरं हॉलमध्ये

सातपुड्यातल्या कुपोषणावर आपल्याकडे दरवर्षी प्रबंध होतात, पोस्टरं लागतात, बक्षिसं वाटली जातात. त्यातली बरीचशी मोजमापं डिसेंबर ते फेब्रुवारीतली असतात. आणि ज्यांचं वजन आधी व्हायला हवं ती नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याची पोरं नेमकी त्याच दिवसांत आईबापांबरोबर गुजरातेत असतात, बारडोलीकडच्या उसाच्या फडात नाहीतर सौराष्ट्रात कपाशी वेचायला. मला म्हणायचंय ते एवढंच. पुढे लांबण आहे, सवड असेल तर वाचा.

निमित्त एका विद्यापीठातल्या संशोधन दिनाचं. यंदाचा विषय बालआरोग्य. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून पोस्टरांचा एक परीक्षक मी होतो. उद्घाटन नेहमीसारखं लांबलं, शाल-श्रीफळाची रांग झाली, आणि पोस्टरांना जेवणाआधी उरलेला वेळ मिळाला. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, सगळीकडे हेच चालतं. पोरापोरींचं काम मात्र वाईट नव्हतं, हे आधी सांगतो. सिकलसेलवर एक चांगलं पोस्टर होतं, अमृत आहार योजनेवर दोन-तीन. (त्या योजनेत आदिवासी भागातल्या अंगणवाडीत लहान मुलांना अंडी किंवा केळी देतात. रावेर-यावलची केळी रेल्वेने दिल्लीला जातात आणि सातपुड्याच्या पायथ्यापासून वर चढताना त्यांची मारामार होते, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.)

एका मुलीच्या पोस्टरपाशी मी थांबलो. सहा महिने ते पाच वर्षांची मुलं, पाड्यावर जाऊन स्वतः मोजलेली. दोन वर्षांखालच्या पोरांची लांबी झोपवून घेतली होती का, विचारलं. हो म्हणाली. आणि जी पोरं काही केल्या झोपेनात त्यांना उभं करून मोजलं, पण मग त्यात ०.७ सेंटिमीटर मिळवले. हा हिशोब फार कमी जण करतात. वजनाआधी अंगावरचे कपडे काढले होते. दंडाची पट्टी डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं की पट्टी लाल, म्हणजे पोर सॅममध्ये, तीव्र कुपोषित. दोन्ही पायांवर अंगठा दाबून सूज पाहिलेली. शंभर टक्के नीट काम.

आणि पोस्टरच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘स्थलांतरामुळे अनुपलब्ध बालके अभ्यासातून वगळली.’

किती वगळली, असं विचारल्यावर तिने पिशवीतून एक शंभरपानी वही काढली. त्यात पाड्यावरच्या सगळ्या पोरांची यादी होती, अंगणवाडीच्या रजिस्टरवरून उतरवलेली. नाव, आईचं नाव, वय महिन्यांत. काही नावांपुढे वजन. आणि मधूनमधून काही नावांपुढे लाल पेनाने ‘उचल घेतली, गेले’, ‘मुकादमाच्या गाडीत’, ‘आजीकडे ठेवलं, आई फडावर’. पोस्टरवर यातलं काहीच नव्हतं. मार्गदर्शक म्हणाले होते, जे मोजलं तेच लिहा.

मार्गदर्शक नियमाने बरोबर आहेत. पण संख्याशास्त्राचं पहिलं वर्ष शिकलेल्यालाही कळेल की ही पोरं चिठ्ठ्या टाकून गळलेली नाहीत. कोणाच्या घरचे जातात? ज्याच्या कणगीत दिवाळीपर्यंतही दाणा पुरत नाही, ज्याने पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेऊन ठेवलीय, तो कोयता घेऊन निघतो. ज्याच्याकडे विहीर आहे, दोन म्हशी आहेत, तो घरी राहतो आणि त्याचं पोर तुमच्या काट्यावर चढतं. म्हणजे ज्या कारणाने पोर कुपोषित होतं, त्याच कारणाने ते तुमच्या तक्त्यातून बाहेर पडतं. मग टक्का कमी दिसतो, आपण ‘परिस्थितीत सुधारणा’ असा निष्कर्ष काढतो, टाळ्या पडतात.

शिरपूर तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकाबाईंनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं. ‘सर, तुम्ही दिवाई व्हयनी का येतस. तवय गावमा कोन ऱ्हास? धल्ला-धल्ली आन् कोंबड्या.’ (दिवाळी झाली की तुम्ही येता, तेव्हा गावात कोण असतं? म्हातारा-म्हातारी आणि कोंबड्या.)

दुसरी बाजू पावसाळ्याची. सातपुड्यात पोरं झडतात ती आषाढ-श्रावणात. मागच्या सालची ज्वारी-मका संपलेली, नवं पीक हाती नाही. आई सकाळपासून निंदणीला, धाकट्याला सांभाळायला सहा वर्षांची बहीण. नाल्याचं गढूळ पाणी, हगवण. घाटात दरड, नर्मदाकाठच्या पाड्यांवर तर बोटीशिवाय पोचता येत नाही. ज्या पोराचं वजन मे महिन्यात कसंबसं मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषणात, होतं ते ऑगस्टमध्ये सॅममध्ये जातं. आणि आपल्याकडचे विद्यार्थी तेव्हा काय करत असतात? विषय निवडत असतात, सिनॉप्सिस लिहीत असतात, नैतिकता समितीच्या परवानगीची वाट बघत असतात. परवानगी येते तोवर दिवाळी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या घरभेटी २०१९ च्या जूनअखेरीपासून डिसेंबरपर्यंत झाल्या, म्हणजे पावसाळा त्यात आला. त्या पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली आणि ३६.१ टक्के कमी वजनाची निघाली. नंदुरबारात कमी वजनाची मुलं निम्म्याहून जास्त. त्या आधीच्या फेरीतही निम्म्याहून जास्तच होती. त्यातलं किती ऋतूमुळे, किती कायमचं, हे वेगळं काढायचं तर तीच पोरं पावसाळ्यात आणि होळीनंतर अशी दोनदा मोजायला हवीत. हे काम दिल्ली-मुंबईहून होणार नाही. इथल्या विद्यापीठांनीच करायचं आहे, आणि त्यासाठी लाखांची यंत्रं लागत नाहीत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने जे केलं त्याचं कौतुक प्रत्येक भाषणात होतं, या संशोधन दिनालाही झालं. ३९ गावांतल्या नवजात बाळांना घरच्या घरी सेवा दिली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला. १९९९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते ती त्यातूनच. पण त्या अभ्यासाचा जीव कशात होता ते भाषणात कोणी सांगत नाही. गावातलीच बाई, वर्षाचे बाराही महिने, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवत होती. सेमिस्टर बघून नव्हे.

तर माझं म्हणणं असं. बालआरोग्यावरच्या प्रबंधाला माहिती गोळा करायची मुभा जून ते सप्टेंबरची द्या. त्यासाठी विषय आणि नैतिकता समितीची परवानगी आदल्या फेब्रुवारीतच उरका. होळीच्या आधीच्या आठवड्यात आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो, फडावरची माणसं परत येतात, पोरंबाळं घेऊन बाजारात येतात. वजनकाटा आणि पट्टी घेऊन तिथे बसा, घरोघर शोधत फिरायची गरज नाही. आणि सुरतेच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाशी बोला. आपली पोरं हिवाळ्यात त्यांच्या जिल्ह्यांत असतात, त्यांच्या विद्यार्थ्यांना फड जवळ आहेत. यादी आपली, काटा त्यांचा. सामंजस्य करारांचे फोटो आपण इतके काढतो, एक करार कामाचाही होऊ द्या.

यावर ‘पावसाळ्यात मुलींना पाड्यावर पाठवणार का?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो खोटा नाही. पण पाड्यावर सेविका आहे, आशा आहे, त्या पावसातही तिथेच असतात. विद्यार्थिनीने मे महिन्यात जाऊन त्यांच्याबरोबर मोजमापाचा सराव करावा, पावसाळ्यात फोनवर आकडे घ्यावेत, उघडीप मिळाली की जाऊन काही पोरं पुन्हा मोजून ताळा करावा. मात्र त्या बायकांना फुकट राबवू नका. नवजात बाळाच्या सगळ्या गृहभेटी पूर्ण केल्यावर आशाला २५० रुपये मिळतात. विद्यापीठाने बॅनर आणि स्मृतिचिन्हांच्या शेजारी त्यांच्या मानधनाचा एक रकाना टाकावा, आणि प्रबंधावर त्यांचं नाव आभारात नको, माहिती गोळा करणारी म्हणून छापावं.

त्या मुलीला मी माझ्याकडून सगळ्यात जास्त गुण दिले. पहिलं बक्षीस दुसऱ्याच पोस्टरला गेलं, तेही बरं होतं. तिला म्हटलं, ती वगळलेली यादी परिशिष्टात जोड, कोणी अडवलं तर माझं नाव सांग. पोरांची नावं मात्र झाक.

अभ्यासमंडळाला द्यायच्या पत्राचा मसुदा तयार आहे, दोन पानांचा. सही करायची असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. तुम्ही सेविका किंवा आशा असाल तर सहीआधी वाचून काय चुकतंय ते सांगा, विशेषतः भोंगऱ्या बाजाराचं. तिथे पोरं घटकाभर तरी एका जागी बसतील का, हे तुम्हालाच ठाऊक.