खुलासा: सिलिकॉन घातलं म्हणजे पॉलिइमाइड जास्त उष्णता सोसतंच असं नाही

'सिलिकॉन घातलं की पॉलिइमाइडची उष्णता सोसण्याची ताकद वाढते' हा दावा सध्या फिरतो आहे. (पॉलिइमाइड म्हणजे उष्णता सोसणारं, लांब साखळीचं पॉलिमर; सिलिकॉन म्हणजे इथे Si हे मूलद्रव्य.) तो सरसकट खरा नाही. सिलिकॉन साखळीत कुठे आणि कशाला जोडलेलं आहे, यावर सगळं ठरतं.

सिलिकॉन थेट दोन बेंझीन वलयांच्या मध्ये, त्यांना जोडणारा डायमिथाइल किंवा डायफिनाइल सिलेन पूल म्हणून बसवलं, तर विद्राव्यता सुधारते आणि औष्णिक स्थैर्य बरंचसं टिकतं. पण प्रोपिल गट (तीन कार्बनची छोटी साखळी) असलेलं सिलोक्सेन डायअमाइन (सिलिकॉन-ऑक्सिजन साखळी आणि दोन अमाइन गट असलेला घटक) वापरलं, तर साखळी लवचीक होते, काच-संक्रमण तापमान (ज्यावर कडक पॉलिमर मऊ पडतं ते) घसरतं आणि विघटन त्या प्रोपिल भागापासून लवकर सुरू होतं.

गैरसमजाचं मूळ बहुधा हवेतल्या औष्णिक-वजन चाचणीत (तापवत नेताना वजन किती घटतं हे पाहणारी) आहे. शेवटी उरणारा पांढरा अवशेष म्हणजे टिकलेलं पॉलिमर नव्हे, ती सिलिका (सिलिकॉन डायऑक्साइड) असते. अवकाशात आण्विक ऑक्सिजनपासून (सुट्या अणूंच्या रूपातल्या ऑक्सिजनपासून) हाच सिलिकाचा थर फिल्मला वाचवतो, हा फायदा मात्र खरा.

असं पॉलिइमाइड बनवताना लांब सिलोक्सेन साखळी एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन) या द्रावकात नीट विरघळत नाही. सोबत टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) हा द्रावक घ्या, नाहीतर द्रावण गढूळ होतं आणि फिल्मवर डाग दिसतात. डायअनहायड्राइड व डायअमाइन हे पॉलिइमाइडचे दोन मूळ घटक सममोल प्रमाणात, कोरड्या नायट्रोजनखाली घ्या. ओलाव्याने डायअनहायड्राइडचं आम्ल होतं, गुणोत्तर बिघडतं आणि पॉलिअॅमिक आम्लाचं (पॉलिइमाइडच्या आधीच्या टप्प्याचं) द्रावण पाण्यासारखं पातळ राहतं. या आम्लाचं पॉलिइमाइड होण्यासाठी पूर्ण अॅरोमॅटिक (बेंझीनसारख्या वलयांची) फिल्म १००, २०० आणि ३०० अंश सेल्सियसला प्रत्येकी एक तास तापवतात. सिलोक्सेन असेल तर ३०० ची पायरी आधी छोट्या तुकड्यावर तपासा.