कार्यालय ठरवताना शेवटची बस बघा

दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. आम्ही कर्नाटकातल्या खानापूरचे, मुलगा हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला. साखरपुड्याचे पाहुणे वळले आणि घरात पहिला विषय निघाला कार्यालयाचा. दादा म्हणाला, "बेळगावातच धरूया. त्यांनाबी सोयीचं, आपल्यालाबी. आणि चार लोकांत बरं दिसतंय की."

मी तिथंच विरोध केला. घरात जे बोलले ते इथंही लिहिते, कारण वैशाखातल्या लग्नांची कार्यालयं शोधत फिरणारी बरीच घरं मला दिसतायत.

थोरल्या भाच्याच्या लग्नात आम्ही हेच केलं होतं. अक्षता दुपारी शहरातल्या एका कार्यालयात आणि संध्याकाळी रिसेप्शन हायवेकडेच्या लॉनवर. मे महिना. साडेचारला ढग भरून आले आणि वळीव असा कोसळला की गालिचे भिजून चिंब. करंट गेला. जनरेटर होता, पण तो फक्त स्टेजच्या दिव्यांपुरता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तेही मी विसरले असते.

विसरता येत नाही ती आमची थोरली काकू. ती जांबोटीच्या पुढच्या गावात राहते. भाचा लहान असताना वहिनी आजारी होती, तेव्हा वर्षभर काकूनं त्याला काखेत घेऊन वाढवलं. लग्नासाठी तिनं स्वतःच्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून आणली होती. अक्षता पडल्या आणि लगेच फोटो, मग पंगती, मग कार्यालय रिकामं करायची घाई. "आहेर संध्याकाळी रिसेप्शनला" असं कुणीतरी माइकवर सांगितलं. काकूला संध्याकाळी थांबणं शक्यच नव्हतं, गावाकडची शेवटची बस चुकली असती. तिनं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "पोराला तूच दे गं बाई." त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा राहिला तो राहिलाच. लॉनवर मात्र दादाच्या धंद्यातली, नाव माहीत नसलेली माणसं रांगेनं स्टेजवर चढत होती.

म्हणून यावेळी मी आणि वहिनी आधी बसस्टँडवर गेलो, कार्यालयं नंतर बघितली. हसू नका. आपल्याकडच्या लग्नाला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका असतात आणि त्या बसनंच येतात. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून तर लांबच्या वाडीतल्या म्हाताऱ्याही आधार कार्ड घेऊन एकट्या निघतात. चंदगडकडून येणाऱ्या बायकांचं वेगळं. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च 2023 पासून त्यांना अर्धं तिकीट, पण ते शिनोळीच्या हद्दीपर्यंत. पुढे पूर्ण पैसे. एकाच लग्नाला येणाऱ्या दोन विहिणींचा हा हिशोब वेगवेगळा आहे, आणि कार्यालय निवडताना तो कुणीच धरत नाही. बस फुकट असली तरी बसस्टँडपासून चार-पाच किलोमीटर आत असलेल्या लॉनवर रिक्षाच करावी लागते. ते पैसे त्यांच्या कमरेच्या पिशवीतून जातात.

खानापूरपासून बेळगाव 26 किलोमीटर. गाडी असणाऱ्याला ते काहीच नाही. कणकुंबीकडून दोन बस बदलून येणारीला तो आख्खा दिवस आहे.

कार्यालयवाल्यांना काय विचारायचं तेही सांगते, कारण आम्ही फसून शिकलोय. भाडं कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत? करंटचं बिल मीटरवर वेगळं की भाड्यात? जनरेटर स्वयंपाकघर आणि बोअरच्या मोटरीलाही चालतो का? मे महिन्यात पाण्याचा टँकर कुणी मागवायचा? साफसफाई, भांडी, खुर्च्या यांचे पैसे कागदावर लिहून घ्या. आणि जेवणाचा हॉल खाली आहे की वर, हे स्वतः जाऊन बघा. आम्ही बघितलेल्या एका सुंदर कार्यालयात जेवण दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. तिथल्या माणसानं सांगितलं, "म्हाताऱ्यांचं ताट खाली आणून देऊ." लग्नाच्या पंगतीतनं उठवून म्हाताऱ्या माणसाला जिन्याखाली एकटं जेवायला बसवायचं? मी तिथनं बाहेर पडले.

वेगळ्या रिसेप्शनबद्दल माझं मत आता पक्कं आहे. आपल्या कन्नड शेजाऱ्यांकडे आरतक्षते, म्हणजे त्यांचं रिसेप्शन, बऱ्याचदा आदल्या रात्री त्याच कल्याण मंटपात होते, पाहुणे तिथंच राहतात, सकाळी मुहूर्त. त्यात एक सोय आहे. आपण मात्र दुपार आणि रात्र, दोन ठिकाणं, दोन मांडवांचं डेकोरेशन, दोनदा आचारी असं करून ठेवलंय. त्यात रात्री दहानंतर स्पीकर कायद्यानंच बंद. आठला सुरू झालेलं रिसेप्शन रंगतंय म्हणेपर्यंत पोलिसांची गाडी येऊन उभी राहते. एवढ्यासाठी मुलीच्या बापानं सोसायटीचं कर्ज काढायचं?

आम्ही ठरवलंय ते असं. अक्षता खानापुरातच, बसस्टँडपासून चालत जाता येईल अशा कार्यालयात. अक्षता पडल्या की नवरा-नवरी दोन तास स्टेजवर बसतील, आधी लांबच्या गावच्या पाहुण्यांना वर बोलवायचं, फोटोग्राफरनं मध्ये यायचं नाही. जेवण पंगतीत, मसालेभात, वांग्याची भाजी, मठ्ठा आणि गोडाला बेळगावचा कुंदा. दुसऱ्या दिवशी चंदगडला त्यांच्या दारातल्या मांडवात सत्यनारायणाची पूजा, तेच त्यांच्या गावाचं जेवण.

व्याह्यांना हे सांगताना दादाला संकोच वाटत होता. मीच फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ताई, आमच्या आईला गाडीत लांब बसवत नाही. तिला दारातलाच मांडव बरा. खानापूरला आम्ही गाड्या करून येतो."

काल ॲडव्हान्स दिला. संध्याकाळी काकूला फोन करून तारीख सांगितली. तिनं मुहूर्त विचारला नाही, मुलगा काय करतो तेही नाही.

"जेवायला वर चढायला लागत न्हाई न्हवं?"

"न्हाई काकू, खालीच हाय."

"मग येतो की," म्हणाली. "वाकळ शिवायला घेतलीया."