‘कॉलेजला देणगी म्हणजे पाण्यात पैसे’: एकेक मुद्दा तपासून

एक संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. मला तो चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी तर ‘आता बोला’ असं वर लिहून. त्याचा सारांश असा: जुन्या कॉलेजकडून देणगीचं पत्र आलं तर फाडून टाका. त्यांच्याकडे ठेवी पडून आहेत. तुमचा पैसा पगारांत जातो, विद्यार्थ्यापर्यंत पोचत नाही. शिष्यवृत्त्या हुशारांना मिळतात, आणि ते तसेही शिकलेच असते. तुमच्या चार पैशांनी काही फरक पडत नाही. तुम्ही दिलंत की कॉलेज स्वतःचा हात आखडतं. द्यायचंच असेल तर एखाद्या मुलाच्या हातात थेट द्या.

मी नऊ वर्षं माजी विद्यार्थ्यांच्या मदत-समितीवर काम केलं आहे. या संदेशातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणाच्या तरी खऱ्या अनुभवातून आलेली आहे, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती पटते. पण त्या ओळींवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. आणि त्या चुकीची किंमत पत्र फाडणारा मोजत नाही; शेवटच्या सत्राची फी थकलेला मुलगा मोजतो.

‘त्यांच्याकडे ठेवी पडून आहेत’

या मुद्द्याला उदाहरण नेहमी हार्वर्डचं दिलं जातं. हार्वर्डचा निधी 50 अब्ज डॉलरहून मोठा आहे, हे खरं. पण तो म्हणजे एक मोठा गल्ला नव्हे. 14,000 हून जास्त वेगवेगळे निधी मिळून तो झाला आहे आणि त्यातला बहुतेक पैसा देणाऱ्यांनी ठरावीक कामाला बांधून दिलेला आहे. एखाद्या विषयाच्या अध्यासनासाठी दिलेल्या पैशातून वसतिगृहाची फी भरता येत नाही. शिवाय कायम निधीला हात लावायचा नसतो. त्यातून दर वर्षी शंभरातले चार-पाच काढायचे, म्हणजे महागाई वजा जाता मूळ रक्कम टिकते, असा साधारण हिशेब असतो.

आणि हा ताळेबंद जगातल्या मोजक्या संस्थांचा आहे. तो बाकी सगळ्या कॉलेजांच्या माथी मारणं अन्याय आहे. बहुतेक कॉलेजांत या वर्षीची फी या वर्षीच खर्च होते, मागे काही उरत नाही. तुमच्या कॉलेजकडे खरंच मोठी, कुठल्याही कामाला न बांधलेली ठेव असेल तर ते ताळेबंदात दिसेल. तो मागा, वाचा, आणि मग वाटल्यास दुसऱ्या कॉलेजला द्या.

‘पैसा पगारांत जातो, विद्यार्थ्यापर्यंत पोचत नाही’

हा संदेशातला सगळ्यात लोकप्रिय मुद्दा आहे आणि माझ्या मते सगळ्यात घातक. ‘पगार’ हा शब्द त्यात असा वापरला आहे, जणू विद्यार्थ्याच्या ताटातला घास कुणीतरी काढून घेतला.

सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने 2007 मध्ये आपल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली, बऱ्याच जणांचं गणित किंवा लेखन कच्चं. त्यांना काय दिलं? सरकारी मदतीनंतर उरलेली फी माफ केली, प्रवासाचा पास दिला, पुस्तकांची सोय केली आणि प्रत्येकाला एक सल्लागार नेमून दिला. या सल्लागाराकडे मुलं इतकी कमी, की कोण दोन आठवडे दिसलं नाही हे त्याला कळायचं. सोबत शिकवणीची व्यवस्था होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची दोन गटांत विभागणी करून एका स्वतंत्र संशोधन संस्थेने याची तपासणी केली. तीन वर्षांनी कार्यक्रमातल्या गटातली 40 टक्के मुलं पदवी घेऊन बाहेर पडली, कार्यक्रमाबाहेर ठेवलेल्या गटातली 22 टक्के. ओहायोतल्या तीन कॉलेजांनी हाच नमुना उचलला, तिथेही 35 आणि 19 असाच फरक दिसला.

आता या कार्यक्रमाचा खर्च बघा. त्यातला मोठा भाग सल्लागारांचा आणि शिकवणाऱ्यांचा पगारच आहे. संदेशाच्या भाषेत तो ‘विद्यार्थ्यापर्यंत न पोचलेला’ पैसा. प्रत्यक्षात दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण पदवी घेणारे इतके वाढले की दर पदवीमागचा खर्च सुमारे 11 टक्क्यांनी घटला. ती मुलं पदवीपर्यंत पोचली त्यामागे फीमाफी होती, पास होता आणि पगारावर काम करणारी माणसंही होती.

अनावश्यक पगार, दिखाऊ प्रवेशद्वारं, उद्घाटनाच्या फरशा यांवर उडवलेला पैसा मीही पाहिला आहे. त्यावर उपाय सोपा आहे: देणगी कशासाठी आहे ते लिहून द्या. पण ‘एकही पैसा पगाराला नको’ अशी अट घालू नका. समितीत असताना ही अट घालणारे दाते मी बरेच पाहिले. त्यांच्या पैशातून आम्ही संगणक घेऊ शकलो, पण ती खोली संध्याकाळी उघडी ठेवायला माणूस नेमू शकलो नाही.

‘त्यापेक्षा थेट मुलाच्या हातात द्या’

थेट मदतीला माझा विरोध नाही. ओळखीतल्या मुलीची फी भरणं ही चांगलीच गोष्ट आहे, ती करा. पण सगळ्यांनी फक्त तेवढंच करावं म्हणणारा एक गोष्ट विसरतो: तुम्हाला मुलं दिसतात ती ओळखीतली. ज्याच्या घरच्यांची कुणाशीच ओळख नाही, जो कुणाकडे तोंड उघडत नाही, तो तुमच्यापर्यंत यायचाच नाही.

तो कॉलेजला मात्र दिसतो. थकबाकीची यादी कार्यालयात असते, हजेरी विभागात असते, वाचनालयातून पुस्तकं परत आली की नाही हे ग्रंथपालाला माहीत असतं. या तीन कागदांवर एकच नाव आलं, की तो मुलगा कॉलेज सोडायच्या बेतात आहे असं समजावं. आमच्या समितीतली सगळ्यात सलणारी आठवण हीच आहे. पाचव्या सत्रात एक मुलगा यायचा बंद झाला. थकबाकी इतकी किरकोळ, की समितीतल्या कुणीही एकट्याने भरली असती. यादी कपाटात होती. आम्ही विचारली नाही, कार्यालयाने दाखवली नाही.

अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने ही यादी कपाटाबाहेर काढली. दर सत्राला शेकडो मुलांची नावं केवळ थोड्या बाकीपायी पटावरून कमी होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. 2011 पासून त्यांनी छोटी अनुदानं सुरू केली, जास्तीत जास्त 2,500 डॉलर, सरासरी 900 च्या आसपास. यासाठी अर्ज करावा लागत नाही. विद्यापीठच आकडे बघून मुलाला कळवतं, की तुझी बाकी आम्ही भरतो, तू वर्गात ये. अनुदान मिळालेल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त पुढच्या दोन सत्रांत पदवीधर झाली. बाहेरचा कितीही मोठ्या मनाचा दाता हे करू शकला नसता, कारण कुणाचं नाव कधी कमी होणार आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

अब्जाधीश दात्या मॅकेन्झी स्कॉट यांनी 2020 मध्ये अमेरिकेतल्या, मुळात कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या अनेक कॉलेजांना कुठलीही अट न घालता मोठ्या रकमा दिल्या. टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यू ए अँड एम विद्यापीठाला 5 कोटी डॉलर मिळाले. त्यातले 1 कोटी विद्यापीठाने बाजूला काढले, ते कोविडच्या साथीत फी थकलेल्या वरच्या वर्गांतल्या मुलांसाठी. अट नव्हती, तरी पैसा यादीतल्या नावांपर्यंत गेला.

‘शिष्यवृत्ती मिळते ती तसेही शिकणाऱ्यांना’

इथे संदेशाच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. नेब्रास्कामध्ये एका खासगी प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीचा अभ्यास जोशुआ अँग्रिस्ट, डेव्हिड ऑटर आणि अमांडा पॅलेस या अर्थशास्त्रज्ञांनी केला. यातल्या अँग्रिस्ट यांना 2021 चं नोबेल मिळालं. कमी उत्पन्नाच्या पात्र अर्जदारांपैकी कुणाला शिष्यवृत्ती द्यायची हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं गेलं, त्यामुळे तुलना स्वच्छ होती. शिष्यवृत्तीमुळे शंभरामागे सुमारे आठ जास्त मुलांनी पदवी मिळवली. पण जे विद्यार्थी नाहीतरी पदवी घेणारच होते त्यांच्यावरही बराच पैसा गेला, हेही त्यातून दिसलं.

मग वाढ कुठे झाली? ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, ज्यांचे शाळेतले गुण तुलनेने कमी होते, त्यांच्यात ती सगळ्यात जास्त होती. म्हणजे नेमकी ती मुलं, जी ‘गुणवंत विद्यार्थी’ या शीर्षकाच्या अर्जात पहिल्याच चाळणीत गळतात. पहिल्या तीन क्रमांकांना पारितोषिक द्यायची आवड आपल्याला भारी असते. समारंभात फोटो चांगला येतो. ते जरूर द्या, पण त्याला मदत म्हणू नका. मदत द्यायची तर पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर रेटत असलेल्या, सकाळी काम करून दुपारी वर्गात येणाऱ्या मुलाला द्या. आमच्या समितीने गुणांची अट काढून ‘मागच्या सत्रात उत्तीर्ण’ एवढीच ठेवली, तेव्हा दोन सदस्यांनी राजीनामे दिले. तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

‘तुमच्या चार पैशांनी काय होणार’

ऑसिओला मॅकार्टी लोकांचे कपडे धुऊन-इस्त्री करून जगायच्या. सहावीत शाळा सुटली होती. 1995 मध्ये, 87 व्या वर्षी, त्यांनी आपल्या बचतीतले 1,50,000 डॉलर मिसिसिपीतल्या सदर्न मिसिसिपी विद्यापीठाला शिष्यवृत्तीसाठी दिले. ते ऐकून शेकडो जणांनी त्यात भर घातली. छोट्या रकमा एकत्र आल्या की काय होतं याचं आणखी जुनं उदाहरण 1944 चं आहे. अमेरिकेतल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांच्या पुढाकाराने 27 कृष्णवर्णीय कॉलेजांनी वेगवेगळी झोळी फिरवण्याऐवजी एकच निधी उभारला. तो आजही चालू आहे.

‘तुम्ही दिलं की कॉलेज हात आखडतं’

हे घडतं. बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की कॉलेज आपल्या मदतीतून तेवढीच रक्कम वजा करतं आणि मुलाच्या हाती शेवटी तेवढंच राहतं. अमेरिकेत मेरीलँड राज्याने 2017 मध्ये सार्वजनिक कॉलेजांपुरता याला कायद्याने आळा घातला. असं करणारं ते पहिलं राज्य. गंमत म्हणजे हा धोका थेट मदतीलाही तितकाच आहे, संदेश लिहिणाऱ्याने त्याचा विचार केलेला नाही. कायदा नसेल तिथे देणगीच्या पत्रात एक वाक्य घाला: ‘या रकमेमुळे विद्यार्थ्याला संस्थेकडून मिळणारी अन्य मदत कमी करू नये.’ आम्ही ते घालायला लागलो तेव्हा कार्यालयाने आधी कुरकुर केली, मग सही केली.

लिहून ठेवण्याचं महत्त्व हार्वर्डच्याच सगळ्यात जुन्या शिष्यवृत्तीवरून कळतं. लंडनच्या अ‍ॅन रॅडक्लिफ यांनी 1643 मध्ये गरीब विद्यार्थ्यासाठी 100 पौंड दिले. पुढे ते पैसे इतर पैशांत मिसळून गेले आणि त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती दोन शतकांहून जास्त काळ दिलीच गेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुने कागद तपासताना त्यांचा मूळ हेतू पुन्हा समोर आला, तेव्हा ती परत सुरू झाली.

माझ्याही एका देणगीचा हिशेब एका संस्थेने दोन वर्षं दिला नव्हता. मी दर तीन महिन्यांनी पत्र पाठवत राहिलो. शेवटी एक साधा कागद आला: किती मुलांना, कुठल्या सत्रात, किती रक्कम, आणि त्यातली किती पुढच्या वर्षात गेली. नावं नव्हती, ती नसावीतही. अकरा मुलांपैकी नऊ पुढच्या वर्गात होती. उरलेल्या दोघांचं काय झालं, ते विचारणारं पत्र मी त्याच दिवशी टाकलं.