‘ना धर्म, ना पैसा, ना राजकारण’? ऑलिंपियात तिन्ही होतं!

ऑलिंपिक जवळ आलं की एक मेसेज हमखास फिरतो : ‘प्राचीन ग्रीसमध्ये खेळांसाठी सगळी युद्धं थांबत. खेळाडू फक्त ऑलिव्हच्या मुकुटासाठी खेळत. ना धर्म, ना पैसा, ना राजकारण; भाग घेण्यातच आनंद.’ वाचायला गोड आहे. खरं त्यात फक्त मुकुटापुरतं.

‘ना धर्म’ हे तर सपशेल उलटं. हे खेळ जिथे होत ते ऑलिंपिया म्हणजे ग्रीकांचा सर्वोच्च देव झ्यूस याचं क्षेत्र आणि खेळ हा त्याच्या उत्सवाचाच भाग. रानडुकराच्या मांसाच्या तुकड्यांवर खेळाडू शपथ घेत : दहा महिने नेमाने सराव केलाय, लबाडी करणार नाही. उत्सवात शंभर बैलांचा बळी दिला जाई. झ्यूसची मोठी वेदी बळींच्या राखेचीच होती. दरवर्षी अल्फिअस नदीच्या पाण्यात राख कालवून ती लिंपत. इ.स.च्या दुसऱ्या शतकात पौसानियास या प्रवाशाने तिची उंची २२ फूट नोंदवलीय. शपथ मोडणारेही होतेच. इ.स.पू. ३८८मध्ये युपोलस या मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली, तेव्हा दंडाच्या पैशांतून झ्यूसचेच कांस्यपुतळे उभे राहिले.

युद्धं थांबत नसत. तह होता तो यात्रेकरूंच्या वाटेपुरता आणि खेळ भरवणाऱ्या एलिस राज्याच्या पवित्र भूमीपुरता. तोही पाळला जाईच असं नाही : तहभंगाच्या आरोपावरून इ.स.पू. ४२०मध्ये स्पार्टाला खेळांत बंदी झाली. इ.स.पू. ३६४मध्ये तर कहर झाला. घोड्यांच्या शर्यती उरकल्या होत्या, पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतली कुस्ती चालू होती, आणि एलिसचं सैन्य थेट देवस्थानात घुसलं. एलिसचं यजमानपद शेजारच्या आर्केडियनांनी बळकावलं होतं, त्याचा हा हिशोब. यात राजकारण नाही म्हणायचं?

पैशाचं म्हणाल, तर ऑलिंपियात नुसता मुकुट मिळे, हे खरं. पण विजेता गावी परतला की खरी कमाई सुरू! अथेन्समध्ये सोलोन या कायदेकाराच्या कायद्याने ५०० द्राख्मा (चांदीची नाणी), शिवाय नगराच्या खर्चाने जन्मभर जेवण. खटल्यात दोषी ठरल्यावर सॉक्रेटिसने शिक्षेऐवजी हेच जेवण मागितलं. घोड्यांच्या शर्यती जिंकणाऱ्यापेक्षा त्यावर माझा हक्क जास्त, असं तो भर न्यायसभेत म्हणाला!

राहिला ‘भाग घेण्यातला आनंद’. हे ब्रीद गाजलं ते विसाव्या शतकात, आधुनिक ऑलिंपिक सुरू करणाऱ्या कूबेर्तँमुळे. प्राचीन ग्रीक कवी पिंडारने डेल्फीच्या खेळांत हरलेल्या मल्लांचं वर्णन केलंय : शत्रूंची नजर चुकवत, गल्लीबोळांतून आईकडे परतणारे. ऑलिंपियात तर दुसऱ्या क्रमांकाला बक्षीसच नव्हतं.