डिस्क्लेमर दाखवला म्हणजे प्रश्न मिटला?

चित्रपटांवरील ज्ञानकोशीय लेखांतून ऐतिहासिक चुकांचा विभाग काढून टाकावा, अशी मागणी करणारा एक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: चित्रपट ही कलाकृती आहे, पुरावा नव्हे, सुरुवातीला डिस्क्लेमर दाखवला की प्रश्न मिटतो, इतिहास ज्याचा त्याचा वेगळा असल्याने चूक ठरवणारे आपण कोण, आणि अशा याद्यांमुळे लेख विनाकारण लांबतो. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माझ्या भाचीने तो ‘अगदी पटले’ असा शेरा मारून पाठवला, म्हणून हे उत्तर. एरवी दुर्लक्षच केले असते.

चित्रपट ही कलाकृती आहे, हे कोणी नाकारलेलेच नाही. दिग्दर्शकाने इतिहास कोठे सोडला याची नोंद म्हणजे त्याच्यावर ठेवलेला आरोप नव्हे. उलट त्याने काय रचले, हे त्या नोंदीमुळेच कळते.

खरा घातक मुद्दा डिस्क्लेमरचा आहे. संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) घ्या. तो ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ या कादंबरीवर आधारलेला असल्यामुळे इतिहासापासूनचे अंतर तेथे दोन टप्प्यांत पडते. ‘पिंगा’ या गाण्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच पेशव्यांच्या वंशजांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. त्याच चित्रपटात मस्तानीला कैदेत टाकलेलेही दाखवले आहे. यांपैकी नृत्याला समकालीन आधार नाही. कैदेला मात्र आहे, कारण नानासाहेब आणि चिमाजी अप्पा यांनी तिला अटकेत ठेवल्याचे पेशव्यांच्या पत्रव्यवहारातूनच कळते. डिस्क्लेमर या दोन्ही गोष्टींवर एकच पांघरूण घालतो. परिणामी प्रेक्षक कैदेला सिनेमातला मालमसाला समजून सोडून देतो आणि पिंग्याला पेशवाईची रीत समजून बसतो. शिवाय ज्ञानकोशाच्या वाचकाला तो डिस्क्लेमर दिसतच नाही. त्याला दिसते ते ‘कथानक’, जेथे खऱ्या व्यक्तींची नावे त्यांच्या चरित्रलेखांच्या दुव्यांसह येतात आणि रचलेले प्रसंगही घडलेल्या गोष्टीइतक्याच निश्चित सुरात सांगितलेले असतात. या संभ्रमात ज्ञानकोशानेच भर घातलेली असल्यामुळे तो दूर करण्याची जबाबदारीही त्याचीच आहे.

‘इतिहास ज्याचा त्याचा वेगळा’ या वाक्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. मस्तानीचा मृत्यू नेमका कसा झाला यावर एकमत नाही, आणि तेथे चित्रपटाला ‘चूक’ म्हणणे हाच अविचार ठरेल. परंतु मेल गिब्सन यांच्या ‘ब्रेव्हहार्ट’ (१९९५) मध्ये इंग्लंडच्या इझाबेला राणीच्या पोटी स्कॉटिश बंडखोर विल्यम वॉलेसचे मूल असल्याचे सुचवले आहे, त्याचे काय? वॉलेसला १३०५ मध्ये देहदंड झाला, इझाबेलाचा विवाह १३०८ मध्ये झाला आणि तिचा पुत्र तिसरा एडवर्ड १३१२ मध्ये जन्मला. या तारखांत दृष्टिकोनाला जागा कोठे आहे?

चूक कोणी ठरवायची, याचे उत्तर तर विकिपीडियाच्या नियमांतच आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने ते वाचलेले दिसत नाही. तेथे मूळ संशोधनाला मनाई आहे. म्हणजे संपादकाने घरी बसून चित्रपट आणि बखर ताडून पाहायची आणि निष्कर्ष लिहायचा, हे चालत नाही. अभ्यासकांनी विश्वसनीय प्रकाशनांत त्या चित्रपटाच्या अचूकतेची चर्चा केली असेल, तरच ती संदर्भासह मांडता येते. कोणाच्या अंगरख्याची गुंडी चुकली, कोणत्या दृश्यात मागे विजेची तार दिसली, असल्या हौशी याद्या या अटीवर आपोआप गळतात. त्या गळाव्यातच, संदेशकर्त्याचा राग त्यांच्यापुरता असता तर हे लिहावे लागले नसते.

राहता राहिली लांबी. त्याच विकिपीडियाची चित्रपटलेखांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे कथानकासाठी साधारण ४०० ते ७०० शब्दांची मुभा देतात. रचलेली गोष्ट सांगायला एवढी जागा असेल, तर त्यातले घडलेले काय हे सांगणाऱ्या इतिहासकाराच्या चार वाक्यांनी लेख लांबतो, ही तक्रार मला तरी समजत नाही.