कोणता क्लास लावलाव?

ट्रकमधून आमचा फ्रीज अजून उतरत होता, तेवढ्यात शेजारच्या काकू फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, "कोणता क्लास लावलाव?"

नवीन शेजारीण पहिल्या दिवशी गाव विचारते, आडनाव विचारते, फार तर पाणी भरायला भांडी आहेत का विचारते. माझी तेवढीच तयारी होती. मी म्हटलं, "क्लास नाही अजून. आधी फुटबॉलचं बघायचंय."

काकू थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग लहान मुलाला समजावतात तशा सावकाश म्हणाल्या, "ते फुटबॉल झालं. पण क्लास कोणता?"

आमचा पार्थ तेव्हा अकरा वर्षांचा, सहावीत गेलेला. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरहून लातूरला आलो होतो. काकूंचंही काही चुकत नव्हतं. आख्ख्या मराठवाड्यातून लोक पोरं घेऊन लातूरला येतात ते डॉक्टर-इंजिनियर करायला. आई इथं खोली घेऊन डबा करते, बाप तिकडं शेत बघतो. अशा गावात येऊन फुटबॉलचा क्लब शोधणं म्हणजे पंढरपुरात उतरून चौपाटी कुठंय असं विचारणं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी इथं आलं होतं, ते लोक अजून सांगतात. आमच्या बाजूनं लातूरला आलेली ती शेवटची उपयोगाची गोष्ट, असं नवऱ्याचं मत आहे.

पण माझी अडचण वेगळीच होती. क्लब निवडतात कसा, हेच मला माहीत नव्हतं. कोल्हापुरात क्लब कुणी निवडत नाही. ज्या पेठेत जन्मला ती तुमची तालीम आणि त्या तालमीचा संघ तुमचा. आईबाप निवडता येत नाहीत, तसंच हे. माझं माहेर मंगळवार पेठेतलं, म्हणजे पाटाकडील तालीम. सासर शिवाजी पेठेतलं. शाहू स्टेडियमवर या दोघांचा सामना असला की आमच्या घरी सकाळपासून कुणी कुणाला चहा विचारत नसे. लग्न ठरताना पत्रिका जुळली, हुंड्याचा प्रश्न नव्हता, पण माझ्या आजोबांनी दोन दिवस विचार करायला मागितले होते ते एवढ्याचसाठी. पार्थ जन्मला तेव्हा दोन्ही घरांतून एकेक जर्सी आली. बाळंतविडा नंतर आला.

आणि आता हा मुलगा असा उघड्यावर, बिनपेठेचा.

नवऱ्यानं बँकेच्या सवयीनं तक्ता केला. क्लबचं नाव, घरापासून अंतर, फी, प्रशिक्षक, शेरा. मी ठरवलं, आपण प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: या वयाच्या पोरांना चेंडू कितव्या नंबरचा? उत्तर चार आहे. पाच नंबरचा मोठा चेंडू त्यांच्या पायांना जड जातो. ज्याला हे माहीत तो बरा, असा माझा साधा हिशेब.

पहिला क्लब टर्फवरचा. हिरवीगार जाळी, फ्लडलाइट, बाहेर खुर्च्या. प्रशिक्षक तरुण, पुण्याहून आलेले, भिंतीवर डी लायसन्सचं प्रमाणपत्र चौकटीत. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी अर्ध्या सेकंदात बरोबर दिलं आणि पुढं वीस मिनिटं 'प्लेअर डेव्हलपमेंट पाथवे' सांगितला. मला त्यातलं एवढंच कळलं की बॅचेस तीन आहेत: रेग्युलर, ॲडव्हान्स आणि एलिट. एलिटसाठी ट्रायल द्यावी लागते, ट्रायलची फी वेगळी, आणि ट्रायलच्या तयारीची बॅच वेगळी. "रिपीटर बॅच आहे का?" नवऱ्यानं चेष्टेत विचारलं. त्यांनी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

दोन दिवस डेमो फुकट होता. पार्थला नारिंगी जाळीचं बनियन घालायला दिलं, चेंडूवर पाय ठेवून फोटो काढला. जून असूनही पाऊस नव्हता आणि त्या नकली गवताचा दिवसभर तवा झालेला. संध्याकाळी साडेपाचलाही खाली हात टेकवत नव्हता. पोरं बूट घालून नाचत होती, त्याला आम्ही वॉर्मअप समजलो. दुसऱ्या दिवशी मी वरणाला फोडणी दिली तर मोहरी तडतडेना. तेल तापलं, धूर आला, तरी ती ढिम्म. मग एक वेगळाच वास सुटला. टर्फमध्ये घालतात ते काळे रबरी दाणे पार्थच्या मोज्यांतून घरभर झाले होते. त्यानं मोजे ओट्यावर झटकले आणि सांडलेली मोहरी समजून मी ते चिमटीनं गोळा करून मिसळणाच्या डब्यात टाकले होते. लक्ष्मी वाया घालवू नये, हे आईचे संस्कार. तक्त्यात नवऱ्यानं शेरा लिहिला: 'विचाराधीन'.

दुसरा एका शाळेच्या मैदानावरचा. मुरमाचं मैदान, चाळीस पोरं, एक शिट्टी, एक चेंडू. सर जुन्या वळणाचे. माझा प्रश्न ऐकून म्हणाले, "मॅडम, जो आसल त्या नंबरचा." मात्र एका गोष्टीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, ती म्हणजे नियम. चौदा वर्षांखालच्या स्पर्धा, जिल्हा, विभाग, राज्य, दहावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण, सगळं तोंडपाठ. खेळाचा शेवट गुणपत्रिकेत व्हायला पाहिजे, ही त्यांची श्रद्धा होती आणि लातूरमध्ये ती लगेच पटते.

"जन्मतारीख सांगा."

"२४ डिसेंबर."

सरांच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख उमटलं. "आरारारा! आठ दिवस थांबायचं की हो मॅडम!"

फुटबॉलमध्ये वयोगट १ जानेवारीवर मोजतात. त्यामुळे डिसेंबरातलं पोर स्वतःपेक्षा जवळजवळ वर्षानं मोठ्या पोरांबरोबर भिडतं. हे मला ठाऊक होतं. बाळंतपण पुढं ढकलायचं असतं हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. सरांची स्वतःची जन्मतारीख १ जून होती. त्यांच्या वडलांची, दोन्ही चुलत्यांची आणि शाळेच्या शिपायाचीही १ जूनच. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सोयीची तारीख टाकून दिली. "आता तसं चालत न्हाई," सर खंतावून म्हणाले. "वर गेलं की मनगटाचा एक्स-रे काढतेत. हाडावरनं वय वळखतेत." जणू हाडानं फितुरी केली.

पार्थ तिथं दिवाळीपर्यंत गेला. त्याला पळायला शिकवलं, रांगेत उभं राहायला शिकवलं, कवायत शिकवली. चेंडूला पाय लागायची त्याची पाळी मंगळवारी यायची.

याच काळात मला तो मुलगा दिसला. एका चौकात टर्फवाल्यांचा फ्लेक्स होता, 'आमचे यशस्वी खेळाडू'. वरच्या ओळीत एक उंच, कुरळ्या केसांचा मुलगा, निळ्या जर्सीत. पुढच्या चौकात शाळेच्या मैदानाचा फ्लेक्स, 'आमची उज्ज्वल परंपरा'. तिथंही तोच, लाल जर्सीत. बार्शी रोडला तिसरा फ्लेक्स, तिथं तो पिवळ्यात आणि हातात ढाल. मी घाबरून काकूंना सांगितलं. काकू हसल्या. "आवो, डॉक्टरकीच्या नीटचा निकाल लागू द्या. एकच पोरगं पाच क्लासात पहिलं येतंय." मग त्यांनी आवाज खाली आणून खरी मेख सांगितली, "पोरगं कुठं शिकलं ते बघू नका. त्याला इचारा, तू कुठं बसायचास."

ही लातूरची कसोटी. मी पार्थला विचारलं, तुला कुठं बरं वाटतं? तो म्हणाला, "आई, इथं मला कोण पासच देत नाही भावा." आईला भावा म्हणणं चूक आहे हे सांगायची ती वेळ नव्हती.

तिसऱ्या ठिकाणाला नाव नाही, म्हणून तक्त्याचा पहिला रकाना रिकामा राहिला. एका मोकळ्या प्लॉटवर कडुलिंबाच्या झाडाखाली एक चाचा पंचवीसेक पोरं खेळवतात. गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले, कमरेत पट्टा, गळ्यात शिट्टी नाही. शिट्टी तोंडानंच. आम्ही पहिल्यांदा गेलो तो ऑगस्टमधला दिवस, आदल्या रात्री पाऊस झालेला आणि ती काळी माती. या मातीची ज्यांना सवय नाही त्यांना सांगते: ती बुटाला लागत नाही, बुटाशी सोयरीक करते. पहिल्या पावलाला चकती, दहाव्या पावलाला भाकरी, विसाव्याला परात. पार्थ आत गेला तेव्हा चार फूट सहा इंच होता, बाहेर आला तेव्हा चार फूट नऊ. घरी येऊन मी बूट खुरप्यानं सोलले.

मी चेंडूचा प्रश्न विचारला. चाचांनी चेंडू हातात घेतला, फिरवून बघितला. नंबर केव्हाच झिजला होता. "ताई, गोल हाय. बस्स."

मग मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुम्ही कोल्हापूरवाले स्वतःला फुटबॉलवाले समजता. पण असली फुटबॉलवाले आपण. हैदराबादवाले." हैदराबादचे रहीमसाब भारताचे प्रशिक्षक होते आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो, तर त्या हिशेबानं निजामाच्या मुलखातला मराठवाडाही त्यात वाटेकरी, असं त्यांचं म्हणणं. मी फुटबॉलवाल्या माहेरची. गप्प बसणं जमेना. म्हटलं, "चाचा, मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ लाच मुंबई राज्यात आला. ऑलिंपिक त्याच्यानंतर झालं."

चाचांनी मनात हिशेब केला. ही त्यांच्या आयुष्यातली मोठी हानी असावी. "म्हणजे तीन आठवडे? सरकारला तीन आठवडे दम निघाला नाही?"

"पण ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक मारली ती नेव्हिल डिसूझानं. मुंबईचा."

"मग झालं की!" ते एकदम खुलले. "राज्य बदललं तरी माणूस आपलाच!"

तरीही आम्ही निर्णय घेतला नाही. तिथं पावती नव्हती, जर्सी नव्हती, व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा नव्हता. जिथं ग्रुप नाही तिथं पोराचं काही होईल यावर आजकाल आईबापांचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नाही. डिसेंबरात टर्फवाल्यांनी एलिट बॅचची ट्रायल जाहीर केली आणि नवऱ्यानं फी भरून टाकली.

ट्रायलच्या दिवशी सकाळी आठला आम्ही टर्फवर. प्रशिक्षक होते, चौदा शंकू मांडलेले होते, चेंडूंची जाळी होती. पोर एकही नव्हतं. रस्त्यावर रिक्षा नाही, दुकानांची शटर खाली. गाव संचारबंदी लागल्यासारखं. प्रशिक्षक घाम पुसत म्हणाले, "सगळ्या शाळांना सुट्टी आहे बघूनच तारीख ठेवली होती." सुट्टी कशाची, हे पुण्याच्या त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही नाही. येळवस होती. वेळ अमावास्येला लातूरमध्ये माणूस घरात सापडत नाही, सगळं गाव रानात असतं.

फोन वाजला. काकू ओरडत होत्या, "कुठं हाव? जीप उभी हाय कवाची! त्या मास्तरलाबी घेऊन या!"

औशाकडं काकूंचं शेत. कडब्याची कोप, आत चुना लावलेले दगडांचे पाच पांडव, पूजा आटोपलेली. भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या आणि मातीच्या बिंदगीत आंबील. काकांचे दोस्त म्हणून चाचा आधीच येऊन जेवायला बसलेले, मागं त्यांची सात-आठ पोरं. जेवण झाल्यावर गाड्या लावायला मोकळ्या ठेवलेल्या तुकड्यात चपलांचे गोल मांडले गेले. काकूंचा नातू अकरावीचा. सहा महिन्यांत मला तो फक्त पाठीवरची सॅक म्हणून माहीत होता. त्याला पहिल्यांदा समोरून बघितलं. तो गोलकीपर झाला. डी लायसन्सवाले प्रशिक्षक बॅक. ढेकळांमुळे चेंडू पडायचा एकीकडं आणि उडायचा भलतीकडं. पण पार्थला पास येत होता. एक, मग दुसरा. तिसऱ्याला त्यानं डाव्या पायानं अशी काही सणसणीत किक मारली की चेंडू चपलांच्या वरून, नातवाच्या हातांवरून, थेट कोपीत गेला आणि आंबिलीच्या बिंदगीत बसला.

सगळं रान गप्प. वर्षाच्या सणाचं मडकं ते. मी जागच्या जागी गोठले.

काकूंनी बिंदगीत वाकून बघितलं. मग आमच्याकडं वळून विचारलं, "मंग, गोल धरायचा का न्हाई?"

"ऑफसाइड," चाचा बसल्या जागेवरून म्हणाले आणि उंडा मोडला.

दुसऱ्या दिवसापासून पार्थ पहाटे सहाला लिंबाखाली जातो. फी महिन्याला दोनशे, तीही मीच आठवणीनं नेऊन देते. तक्त्यातल्या शेऱ्यात नवऱ्यानं 'आंबील' एवढंच लिहून फाइल बंद केली. चेंडूला अजून आंबूस वास येतो.

२६ जानेवारीला काकू लगबगीनं आल्या. चेहऱ्यावर मला त्यांनी कधी न दाखवलेला आदर होता. औसा रोडला मोठा फ्लेक्स लागलाय म्हणाल्या, प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छांचा. टर्फवाल्यांचा. वरच्या ओळीत, त्या कुरळ्या केसांच्या मुलाच्या शेजारी, नारिंगी जाळीचं बनियन घातलेला, चेंडूवर पाय ठेवलेला आमचा पार्थ.

"क्लास लावलाव तर!" काकू म्हणाल्या. "सांगायचं न्हाई व्हय?"