पीस खराब नाहीये मालक, टीव्हीचं सेटिंग पिक्चर बघण्यासाठीचं आहे

नमस्कार मालक, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून ४३ इंची ४के टीव्ही नेला, चादरीच्या डिझाईनच्या कामाला कंप्युटरला जोडला, तर अक्षरं फाटतात, लाल रेघ निळ्यावर पसरते, खालची पट्टी अर्धी कापली जाते, माऊस ओढल्यासारखा चालतो, आणि दुकानात एक पीस दाखवून घरी दुसरा खराब पीस पाठवला. हे शेवटचं फार लागलं ओ, म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहितो.

बिलावरचा मॉडेल नंबर आणि टीव्हीच्या मागचा स्टिकर लावून बघा, मॉडेल तेच आहे. आणि पॅनल खराब असतं तर यूट्यूबचा ४के व्हिडिओपण खराब दिसला असता, तो भारी दिसतो असं तुम्हीच लिहिलंय की. ४३ इंचात ४के म्हणजे एका इंचात साधारण १०२ पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, आणि ऑफिसात असतो तो २४ इंची फुल एचडी मॉनिटर ९२ चा, म्हणजे तुमचं पॅनल त्याच्यापेक्षा बारीकच आहे. ३२ इंची एचडी रेडी नेला असता तर मीच म्हणालो असतो की ह्याच्यावर अक्षरं वाचायची नाहीत, तिथं इंचाला ५० पण भरत नाहीत.

मग लाल रेघ का पसरते? आपल्या डोळ्याला उजेड-अंधार बारीक कळतो, रंग तेवढा बारीक कळत नाही, म्हणून पिक्चर, मॅच, सिरियल सगळ्यात रंगाची माहिती कमी करून पाठवतात, चार पिक्सेलला मिळून एक रंग, त्याला ४:२:० म्हणतात. माणसाच्या तोंडावर हे कळतसुद्धा नाही. पण तुम्ही जॅकार्डचा, म्हणजे विणायच्या नक्षीचा, चौकटी-चौकटींचा अख्खा ग्राफ झूम कमी करून बघता तेव्हा एक घर म्हणजे जवळपास एक पिक्सेल, एक लाल शेजारी एक निळा, आणि टीव्ही चौघांत एकच रंग वाटतो, मग काठाची नक्षी गिचमिड होणारच. पांढऱ्यावरची काळी अक्षरं त्यातल्या त्यात बरी दिसतात ना, ती उजेड-अंधाराची माहिती पूर्ण येते म्हणूनच.

टीव्हीच्या इनपुट लिस्टमध्ये, कंप्युटरची केबल लावलीय त्या एचडीएमआय पोर्टचं नाव किंवा आयकॉन पीसी करा, बऱ्याच टीव्हीत तेवढ्यानंच रंग पूर्ण यायला लागतो, आणि कंप्युटरच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये आरजीबी किंवा ४:४:४ निवडा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. शार्पनेस पार खाली आणा, टीव्ही अक्षराच्या कडेनं खोटी पांढरी किनार काढतो ती ह्याचीच. पट्टी कापली जाते त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात, जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळापासूनची सवय आहे, पिक्चर साईजमध्ये स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन असेल ते लावा. काळा रंग राखाडी दिसत असेल तर कंप्युटरच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये रंगाची रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला, फुल करा. माऊसचं कारण बहुतेक तुमच्या जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ असेल, ते ४के ला ३० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला ३० चित्रंच देतं, ६० ला २.० लागतं, टीव्हीतपण त्या पोर्टचा एन्हान्स्ड मोड चालू पाहिजे.

आता मनापासून सांगतो, दिवसभर दोन फुटांवर बसून टॅली किंवा टायपिंगच करायचं असेल तर मॉनिटरच घ्यावा, मान आणि डोळे दोन्ही वाचतात. तुम्हाला डिझाईन मोठं बघायला लागतं, म्हणून तुमच्यासाठी हा टीव्ही चांगलाच आहे, फक्त टेबल थोडं मागं घ्या.

दुकानातला मुलगा चांगली केबल घेऊन घरी येईल, सगळं लावून देईल, त्याचे पैसे नाहीत. एवढं करूनपण लाल रेघ पसरली तर कंपनीच्या सर्व्हिसला कंप्लेंट मी स्वतः टाकतो, टीव्ही वॉरंटीत आहे. तोपर्यंत इनपुटचं नाव तेवढं पीसी करून बघा आणि काय फरक पडला ते इथंच लिहा.